दार ह्यांच्याच हातून घ्या

नाही, आत नका जाऊ अजून — इथे बसा, त्या टायरवर, पुसलेला आहे — आधी मला सांगा. व्हॅनचं सरकतं दार हवंय एवढं कळलं, पण कुठल्या बाजूचं? डावं. बरं. गाडी आखूड की लांब? बघा, इथेच गाडं अडतं. व्हॅन म्हणजे व्हॅन असं म्हणत लोक येतात, दार घेऊन जातात, आणि दुसऱ्या दिवशी तोंड वाकडं करून परत. बाहेरून सारखीच दिसतात हो — दिसतं तसं नसतं, म्हणून तर जग फसतं. आणि कागदावरचं वर्ष सांगू नका, ते गाडी विकली तेव्हाचं. बनली कधी ते दाराच्या चौकटीतल्या पट्टीवर असतं. फोटो काढलाय? दाखवा — हं, जुन्या घडणीची आहे, विकली गेली नव्या वर्षात. म्हणजे हिचं कुलूप खाली. नवीन घडणीचं दार घेतलंत तर बसेल, झकास बसेल, आणि कडी मात्र हवेत. माप आणलंत का, वरच्या रोलरपासून खालच्या रोलरपर्यंत? आणलंत? असं गिऱ्हाईक क्वचित येतं.

मग तुमचं दार हे, माझ्या मागचं, पांढरं. हा घ्या लोहचुंबक, खालच्या कडेने फिरवा — जिथे चिकटणार नाही तिथे पत्रा नाही, नुसती पुट्टी. चिकटला सगळीकडे? झालं तर मग, हातच्या कांकणाला आरसा कशाला. आता ते तसंच ठेवा. उचलू नका. आणि आत जाऊन आमच्या ह्यांच्याकडे दार मागा.

हो, हेच दार. जसं काही माझ्याशी बोलणंच झालं नाही.

असं बघू नका दादा. ह्यांची शेड आहे ही, मोडीतल्या गाड्यांच्या सुट्या भागांची. पत्र्यावरून हात फिरवून गाडी ओळखायचे, डोळे मिटून — आता डावं-उजवं राहत नाही लक्षात. एका बाईंना मागचा बंपर हवा होता, ह्यांनी बॉनेट आणून दिलं. त्या हसल्या. हसू येणारच, त्यांचं काय चुकलं — पण ह्यांनी ते ऐकलं, आणि रात्री ताटावरून उठले. धाकटे दीर म्हणतात, वहिनी, आणखी एक गिऱ्हाईक भांडत आलं की मी कुलूप लावणार, दादाला घरी बसवू. वाईट नाहीत हो ते. पण घरी बसवून बघितलंय मी. भिंतीकडे तोंड करून बसतात, जेवा म्हटलं तर जेवतात. इथे आले की बाह्या वर करतात. म्हणून मी फाटकाशी बसते, येईल त्याचं माप आधी घेते. सकाळी दारं ओढून इकडे आणायची, संध्याकाळी परत आत — कंबर राहिली नाही माझी. कधी वाटतं पुरे झालं हे नाटक. पण माणूस उभा आहे तोवर उभा राहू दे, असं म्हणते आणि परत टायरवर बसते.

तर ते देतील ते घ्या. उजवं देऊ देत, बॉनेट देऊ देत, छान बसेल म्हणा. बघून घेतलंत ना, असं विचारतील — हो म्हणा. फाटकाशी आणलंत की मी बदलून देते. हसू नका तेवढं —

थांबा, तेच आले बाहेर.

काय हो? — कोणाला, मला? मला कुठलं दार हवंय म्हणताय? — व्हॅनचंच. डाव्या बाजूचं — हो, माप आणलंय ना — नाही, एकटीच आलेय. घरचं कोणी नाही बरोबर — बसते की, बसलेच आहे, सावली आहे इथे. माझी घाई नाही. हे दादा आधी आलेत, त्यांचं बघा तुम्ही.

जा दादा, त्यांच्या मागे जा. आजवर मला तरी ओळखत होते. — जा म्हटलं ना, माणूस खोळंबलाय.