गळेवाल्याची बाही

…अन् वरून म्हणतात, उभं राहून शिवा. तुम्हाला सांगतो, एकतीस वर्षं मी बसून गळे शिवले. आमच्या कारखान्यात सलवार-सूट बनतात. गोल गळा, चौकोनी गळा, पानगळा, काय पाहिजे ते सांगा… बाही कोण लावते, सलवार कोण जोडते, मला काय करायचं? आपण गळेवाले.

तर हा प्रथमेश आला, नवीन मॅनेजर. खुर्च्या उचलल्या, सहा-सहा जणांच्या टीमा पाडल्या. म्हणे, "काकाजी, आता फिक्स काही नाही. जिथे माल अटकला, तिथे सरकायचं. सबको सब आना चाहिए." मी म्हटलं, काहून? हलवायाला कोणी म्हणते का, जिलबी थांबली तर जरा दाढ्या कर? तर म्हणे, "फ्लेक्सिबल व्हा, काकाजी." त्रेसष्ट वर्षांच्या गुडघ्यांना सांगून राहिला.

आता खरं सांगतो, कोणाला बोलू नका. मला बाही येतच नव्हती. सगळे मास्टरजी-मास्टरजी करतात, अन् मास्टरजीनं जन्मात आख्खा सूट शिवला नाही. अन् घरची? तिनं मोहल्लाभर सांगून ठेवलं, आमचे हे सूट शिवतात. दर दिवाळीला म्हणे, "एक माझ्यासाठी." मी म्हणे, वेळ कुठे आहे? काय सांगणार होतो, आपण गळेवाले?

अन् माल अटकला तो नेमका बाहीवर. सरकलो. लावली. आमच्या टीमची पुष्पा, पोरगी माझ्या नातीएवढी, सूट वर धरून म्हणते, "मास्टरजी, ही बाई पाठ खाजवत जन्मली का?" बाही उलटी लागली होती… सगळी टीम खाली पाहून हसून राहिली.

मग जेवणाच्या सुट्टीत तिच्याचकडून शिकलो. एका हातात पोळी, एका हातात बाही. "झोल आला, उसवा. परत झोल आला, परत उसवा." आठ दिवस. नवव्या दिवशी बसली बाही. त्याच जोशात कापड घेतलं अन् आख्खा सूट शिवला, घरचीसाठी. बाहीला जीव लावला. गळा काय, गळा तर डोळे मिटून होते. आपण गळेवाले.

तिनं घातला. आरशासमोर हात वर केले, खाली केले, इकडे वळली, तिकडे वळली. म्हणे, "बाही अशी बसली की काय सांगू. पण गळा खांद्यावरून घसरून राहिला हो. तो कोणाकडून करवला?"

म्हटलं, टीमनं केला.