जहाज गुरुवारी, बँक रविवारी

...आणि वर मलाच विचारतात, 'खलफानकाका, दुपारी दुकान बंद का ठेवता?' अहो, अख्खा मत्रहचा बाजार बंद असतो, मी एकटा उघडा राहून करू काय? आम्हा अरबांकडे दुपारी माणूस घरी जातो, भात-मासा खातो, बायकोचं ऐकता ऐकता झोपतो आणि चारला डोळे चोळत परत येतो. माझी बायको झुवैना गेल्यापासून मी डबा दुकानातच आणतो, शटर अर्धं ओढतो आणि नोटा बदलायच्या खिडकीमागे बसतो... बसतो म्हणजे काय, घरी जायचं टाळतो.

आणि जहाजानं येणाऱ्या पाहुण्यांना नेमके तेव्हाच पैसे लागतात. तुम्हाला सांगतो, जहाज धक्क्याला लागतं गुरुवारी, बँक दुपारीच बंद होते, शुक्रवार-शनिवार सुट्टी, मग मला न चालणाऱ्या नोटा घेऊन येतात त्यांना मी सांगणार तरी काय? रविवारी या. जहाज संध्याकाळी सुटणार हे त्यांना माहीत, मला माहीत, तरी तोंडातून तेच, रविवारी या.

तर त्या गुरुवारी शटरखालून वाकून एक गोरी म्हातारी आत आली. ब्रीडा नाव, आयर्लंडची. पाकिटातून काढल्या आमच्याच नोटा, पण जुन्या, कधीच बाद झालेल्या. बोटानं शेजारचं मिठाईचं बंद दुकान दाखवून म्हणाली, 'हलवा.' म्हटलं, बाई, ह्या नोटा मला चालत नाहीत, रुवीच्या मोठ्या बँकेत बदलतात, ती आत्ताच बंद झाली, रविवारी या. तर ती काय म्हणाली असेल? 'जीभ दाखवा.'

मी दाखवली. काय करणार, नर्सचा आवाजच तसा असतो, हात आपोआप बाही वर करायला जातो. मग उलगडा झाला, बाई तरुणपणी इथल्या इस्पितळात नर्स होत्या, आणि आमच्या भाषेतलं त्यांना आठवत होतं ते फक्त रोग्याशी बोलायचं, बाकी सगळं पुसलेलं. मी डब्यातला भात तिला वाढला तर म्हणे, 'भूक नीट लागते?' म्हटलं, गार डबा खाऊन कुणाला लागेल? 'झोप?' म्हटलं, तुकड्यातुकड्यानं. 'घरी सोबत कोण असतं?'

आता बघा, मुलगा तिकडे दूर सलाला शहरातून फोन करतो, 'बाबा, काही पाठवू का?' शेजारचा हलवेवाला जुमा रोज विचारतो, 'आज डॉलरचा भाव काय?' पण हे कुणी विचारलं नव्हतं. म्हटलं, कुणी नाही. तिनं माझं मनगट धरलं, घड्याळ बघत नाडी मोजली, मोजतच राहिली, आणि मी, वेडाच मी, श्वास रोखून बसलो. 'कुठे दुखतं?' म्हटलं, बाई, तेच तर सापडत नाही... तिला ते समजलं नसावं. मान डोलवून म्हणाली, 'पाणी भरपूर प्या.'

चारला जुमानं दुकान उघडलं, नोटा पाहिल्या आणि सुरू झाला, 'खलफान, ह्या तर माझ्या बापाच्या काळातल्या, आता कोण घेणार, सांग त्यांना, रविवारी या.' म्हटलं, जुमा, गप्प हलवा बांध, पैसे माझ्याकडून घे. बाईंनी जुन्या नोटा बळेच माझ्या खिशात कोंबल्या, हलव्याचा डबा छातीशी धरला, आणि धक्क्याकडे निघताना वळून म्हणाल्या, 'औषध संपलं की परत या.' निरोपाचे तेवढेच शब्द उरले असावेत त्यांच्याकडे. कुठलं औषध, विचारायच्या आत गर्दीत दिसेनाशा झाल्या.

मग काय, शुक्रवार काढला, शनिवार काढला, आणि रविवारी त्या नोटा घेऊन मीच रुवीला बँकेत. खिडकीवरची पोरगी हसून म्हणाली, 'काका, एवढ्याशासाठी एवढ्या उन्हात आलात? बरं, हातात देऊ की खात्यात भरू?'

म्हटलं, पोरी, ज्याला जास्त वेळ लागतो ते कर.