वाकड्या बोटाची भाकर

माझं माहेर लिंबागणेशचं, अन् मला दिलं तिकडं उमापूरच्या अंगाला, निजामाच्या राज्याच्या पार कडंला, म्हंजी रानातून चालाय लागलं की दिवस मावळायच्या आत इंग्रजी हद्द. इंग्रज गेला तरी आमी तिला इंग्रजी हद्दच म्हणायचो, सवय, दुसरं काय. थोरली जाऊ सोनाबाई. तिला एकच लेक, जनी, अन् मला मूलबाळ न्हाई, मग ती पोर दोघींच्या मधी वाढली. सोनाबाई लई कडक, चिमूटभर पीठ सांडलं तरी बोलायची, पण भाकर अशी पातळ की काय सांगू तुमाला. तिचं मधलं बोट उखळात सापडून वाकडं झालतं, थापताना त्याचं नख रुतायचं अन् भाकरीच्या कडंला खुणा उठायच्या. मी म्हणायची, बाई, तुमच्या भाकरीवर सरकारी शिक्का हाय.

मग ती धामधूम सुरू झाली. निजामाच्या बाजूचे बंदुकवाले गावोगाव फिरायचे, दाणे न्यायचे, घरं पेटवायचे, जरा थांबायचं की पुन्हा यायचे, वरीस उलटलं तरी सरंना. एका दुपारी शेजारच्या गावाचा धूर दिसला अन् आमी नेसत्या लुगड्यानिशी पळालो. वढ्यापाशी सोनाबाई थबकली. म्हणली, तवा चुलीवरच ऱ्हायला. रिकामा तवा चुलीवर ठिवून घर सोडलं की त्या घरात माणूस टिकत न्हाई, असं आमच्यात मानत्यात. मी म्हणलं, ऱ्हाऊ द्या की बाई, जीव मोठा का तवा मोठा. ती म्हणली, जनीला धर, आलेच. लई वाट बघितली, मग लोकांनी आमाला वढून नेलं. तिचं ते आलेच अजून माझ्या कानात हाय.

हद्दीपल्याड छावणी व्हती. आसपासच्या गावांतून घरटी भाकरी गोळा व्हायच्या, पाट्या भरून यायच्या. ती लोकं आमच्या नात्याची न्हाईत न् गोत्याची न्हाईत, तरी धाडायची. पण जनी खाईना. आई आल्यावर खाईन म्हणायची. डोळे पार खोल गेले, मला वाटलं आता ही बी जाती. अन् एक दिवस पाटीत हात घातला तर भाकरीच्या कडंला नखाच्या खुणा. मी ती जनीच्या हातात दिली. जनीनं ती भाकर उलटीपालटी करून बघितली, माझ्याकडं बघितलं, अन् सगळी खाल्ली.

मी पाटीवाल्याला म्हणलं, दादा, ही कुण्या घरची. तो म्हणला, वस्तीवरच्या म्हातारीची. मी पळतच गेले, वाटंनं मनात भांडत गेले सोनाबाईशी, की इतक्या जवळ असून तुमी लेकराकडं कावून आल्या न्हाईत. जाऊन बघते तर चुलीपुढं परकी बाई, कपाळ मोकळं, अन् तिचंबी मधलं बोट वाकडं. मी उंबऱ्यातच बसले अन् मोठ्यानं रडले. तिनं सगळं ऐकलं. म्हणली, पोरीला सांगू नको, खाती तर खाऊ दे, मी धाडते. छावणी उठंस्तवर ती रोज एक भाकर फडक्यात येगळी बांधून धाडायची.

परत आलो तर घर निम्मं जळालतं. अन् तवा चुलीवर नव्हता. भिंतीला टेकवून ठिवलेला, नीट, सोनाबाई ठिवायची तसा. म्हंजी ती घरापत्तुर गेलती. फुडं काय झालं ते कुणालाच ठावं न्हाई. आजबी सैपाक करताना पाठीमागं बांगड्या वाजल्यावानी व्हतंय. मी मागं बघत न्हाई. बघितलं अन् कुणी नसलं तर, ह्याचंच भ्या वाटतं.

जनी आता तेलगावात नांदती, नातवंडं झाली तिला. आवंदा तिच्याकडं गेलते. दारात वाटचं बिऱ्हाड थांबलं, लेकरं भुकेली. जनी भाकरी थापाय बसली अन् मधलं बोट मुडपून घेतलं. मी म्हणलं, बोट धड हाय की तुझं, ही काय तऱ्हा. ती म्हणली, काकू, छावणीतली ती भाकर जाड व्हती. आईची पातळ असायची. पहिल्याच घासाला कळालतं मला. मग खाल्लीस कावून, मी इचारलं. म्हणली, तुमी किती आशेनं बघत व्हता.

त्या म्हातारीचं नाव इचारायचं ऱ्हाऊनच गेलं बघा. देवानं तिला सुखात ठिवावं. रोज चूल इझली की मी तवा उतरवते, भिंतीला टेकवते अन् दोघींचं नाव घेते, एकीला सोनाबाई म्हणते, दुसरीला नुसतं माय म्हणते.