कबुतराच्या पंखाची हवा

नाव माझं इस्माईल, पर उदगिरात नुसतं इस्माईल म्हनून इचाराल तर कुनी घर दाखवनार न्हाई सर, गादीवाला इस्माईलभाई म्हना, मंग शेंबडं पोरगं बी दुकानात आनून सोडंल. आमचा धंदा बापजाद्यापासून रुई पिंजायचा. माझा बाप धुनकी खांद्यावर टाकून खेडोपाडी हिंडायचा, इकडं देगलूर, तिकडं निलंगा, आनि ती तार ठन ठन वाजली की बाया जुन्या गाद्या, उशा घेऊन बाहेर यायच्या. मी बी तेच शिकलो, पुढं मशीन आली, धुनकी गेली. आमचा सिझन थंडीचा, दिवाळी सरली की पार डिसेंबरअखेरपतुर मान वर करायला फुरसत न्हाई, लग्नाच्या गाद्या येगळ्या आनि रजया येगळ्या. तुम्ही बी रजईच टाकायला आलात न्हवं? मंग बसा, उभे का, टाके घालता घालता सांगतो. काय सांगू तुम्हाला, भर सिझनात दुकानाला कुलूप का व्हतं ते इचारलंत म्हनून सांगतो, न्हाईतर हे मी दोघांबिगर कुनापाशी बोललो न्हाई.

मानसाला धंद्याबिगर एखादा शौक लागतोच. कुनी पत्ते कुटतं, कुनी भजनाला बसतं, मला कबुतरं. घराच्या गच्चीवर ढाबळ व्हती माझी, पत्र्याची, चाळीसच्या वर पाखरं, लक्के काय, शिराजी काय, आनि गिरेबाज तर असे की सकाळी सोडले की ठिपका व्हईपतुर वर जायचे. माझी बायको हमीदा, बिलोलीची, लगीन करून आली तवा नाक मुरडायची, म्हनायची या घरात कापूस काय कमी उडतो का, वरून पिसं बी उडवता. पर सहा महिन्यात उलटंच झालं सर, मी राहिलो बाजूला आनि पाखरं झाली तिची. रोज सकाळी नमाज झाली की पदराला ज्वारी बांधून वर, एकेकाला नावानं हाका, काबरी म्हनून एक मादी व्हती, ती तर हिच्या खांद्यावरून उतरायची न्हाई. आनि आखूड झाडूनं ती ढाबळ खरडून झाडायची, कोपरा न् कोपरा, तीस वर्सं एक दिस खाडा न्हाई. मी गमतीनं म्हनायचो, अगं माझ्या शर्टाची गुंडी तुटलीय पंधरा दिस झाले, आनि तुला त्या काबरीचं नख तुटलेलं दिसतं. म्हनायची, काबरी उलटून बोलत न्हाई.

आम्हाला एकच लेक, रुबीना, नांदेडला दिलीय. तिची पोरगी झोया, आता आठ वर्सांची. नाताळच्या सुट्ट्या लागल्या की दोघी उदगीरला, ते ठरलेलंच. मला कामाची घाई, खाली मशीनपाशी रुईचे ढीग, आनि वर गच्चीवर ह्यांचं चाललेलं, ऊन खात बसायचं, हुरडा भाजायचा, सकाळी खिचडी-खट्टा, आनि नात टाळ्या पिटून कबुतरं उडवायची. मी जेवायला उठलो की झोया म्हनायची, नाना, तुम्ही कापसाचे म्हातारे झालात, केसात बघा. डिसेंबर म्हंजे आमच्या घरात ईद असल्यावानी. ते दिस गेले सर.

तर हमीदाला खोकला लागला. आधी थंडीपुरता, मंग बारा महिने, मंग दोन पायऱ्या चढली की दम. इथल्या डाक्टरनं इचारलं, घरात धूळ-बिळ हाय का. म्हनलं साहेब, गादीवाल्याच्या घरात दुसरं काय असनार, मशीन घरातच हाय. ते म्हनले, हलवा. मी दुसऱ्याच दिवशी ह्या दुकानाची चावी घेतली, मशीन हलवली, घरात रुईचा एक धागा ठिवला न्हाई, तिच्या खोलीतल्या माझ्याच हातच्या गाद्या बी काढल्या. मला वाटलं झालं, आता सुधरंल. कबुतरांचं नाव डाक्टरपाशी काढलंच न्हाई मी. का काढावं? त्यो काय रोग व्हता? आपल्याकडं तर कबुतर म्हंजे पाक पाखरू, दर्ग्यावर बी राहतं आनि देवळावर बी राहतं. उलट जुनी मानसं सांगतात की लकवा झाला, छातीचा आजार झाला, तर मानसाला कबुतरांपाशी बसवावं, पंखाची हवा लागली की आराम पडतो. माझ्या बापाचं तोंड वाकडं झालं व्हतं तवा त्याला बी असंच बसवलं व्हतं, आनि त्यो बरा झाला व्हता, मी डोळ्यानं बघितलेलं. तुम्ही हसू नका सर.

मंग मी काय केलं, तर तिची खाट गच्चीवर नेली. तिला चढवत न्हवतं तर पाठीवर घेऊन नेली. ढाबळीला लागून खाट टाकली, रोज सकाळी दोन-दोन, तीन-तीन तास, आनि मी टाळी वाजवायचो, की चाळीस पाखरं एकदम फडफड उठायची, तिच्या तोंडावर वारा यायचा, ती डोळे मिटून घ्यायची आनि हसायची. म्हनायची, अच्छा लगता जी. माझ्या काळजाला थंडावा वाटायचा. सबंध एक हिवाळा आनि उन्हाळा मी ते करून राहिलो. तिची तब्येत खाली चालली, आनि मी म्हनतोय की हवा कमी पडून राहिली, आनखी एक तास बसवावं.

शेवटाला लातूरला नेलं, मोठ्या डाक्टरकडं. मशीनमध्ये घालून छातीचे फोटो काढले. तिला बाहेर बाकावर बसवलं आनि मला आत बोलावलं. डाक्टर म्हनले, घरी पक्षी हायत का? मी खूश झालो सर, खरंच खूश झालो, म्हनलं साहेब, चाळीसच्या वर हायत, रोज पंखाची हवा देऊन राहिलो की. त्यांनी हातातला पेन खाली ठिवला. मंग सावकाशीनं सांगितलं, की काका, हे त्यांच्यामुळंच झालंय, पिसांची भुकटी, सुकलेली घान, वर्सानुवर्सं श्वासातून आत गेली, फुफ्फुस कडक झालं, आता ते मऊ व्हनार न्हाई, जेवढं उरलंय तेवढं सांभाळायचं. मी म्हनलं, मी बी तिथंच असतो की, मला कसं काय न्हाई झालं? म्हनले, एखाद्याला लागतं, एखाद्याला लागत न्हाई. करायला गेलो गनपती आनि झाला मारुती म्हनतात, पर हितं मारुती बी झाला न्हाई सर, हितं मी मानूसच मारलं. डाक्टरला हात जोडले, म्हनलं, भाईर बसलीय तिला हे सांगू नका, ढाबळ झाडनारी तीच हाय.

घरी आल्यावर तीन दिसात समदी पाखरं टोपल्यात घातली आनि बिलोलीला गंगारामकडं दिली. गंगाराम माझ्या सासऱ्याचा शेजारी, कबुतरांचा वेडा, मानूस भला. त्याला बी कारन सांगितलं न्हाई. हमीदाला म्हनलं, माझे गुडघे गेले, मला आता वर चढवत न्हाई, झेपत न्हाई. म्हनली, कायकू दिये जी मेरे कबुतरां, मला बरं वाटत व्हतं ना तिथं, तेवढंच तर बरं वाटत व्हतं. मी दुकानात निघून आलो.

आनि कबुतराची जात तुम्हाला ठावी हाय का सर, ते आपलं घर इसरत न्हाई. वीस-बावीस दिस झाले असतील, सकाळी मी तिला चहा देऊन राहिलो, तर पत्र्यावर फडफड. हमीदाच्या नाकाला नळी लावलेली, आक्सिजनची मशीन घरात आनली व्हती, तशी नळी वढत ती दारापतुर गेली, आये जी, आये मेरे, म्हनून रडायला लागली. सहा पाखरं आली व्हती, पुढं काबरी. आता मी काय करू सांगा. बांबू घेतला, दगडं घेतली, आनि तिच्या डोळ्यादेखत पाखरांना मारून हाकललं. ज्यांना हातावर दाने खाऊ घातले त्यांना दगडं. एकाच्या पंखाला लागला बी. ती दाराला धरून उभी, एवढंच म्हनली, तुम्ही असे कवापासून झालात? मंग भितीकडं तोंड करून निजली, दोन दिस माझ्या हातचं पानी घेतलं न्हाई. पाखरं मी शेजारच्या माळवदावरून धरली आनि त्याच दिवशी बसनं परत बिलोलीला नेली.

रुबीनाला तिनं फोनवर सांगितलं, की तुझ्या अब्बाला मी जड झाले, म्हनून आधी पाखरं घालवली. रुबीना माझ्यावर असं बोलली की काय सांगू, पोरीच्या तोंडचं ते ऐकायचं म्हंजे मरन बरं. आपलेच दात, आपलेच ओठ. तुम्ही म्हनाल सांगून टाकायचं की. कसं सांगू? तीस वर्सं तिनं सोताच्या हातानं झाडलं ते. उरलेले दिस ती सोताच्या हाताकडं बघत बसली असती. आनि खरं सांगू का सर, त्यात माझी भीती बी व्हती. ती म्हनली असती, की तुम्हीच मला पाठीवर नेऊन तिथं बसवलं. ते मला ऐकवलं नसतं. किती तिच्यासाठी गप बसलो आनि किती माझ्यासाठी, ते अल्लाला ठावं, मला सांगता येत न्हाई.

गेल्या साली नाताळच्या सुट्टीत हमीदा गेली. रुबीना आनि झोया आल्या व्हत्या. दुपारची येळ, हमीदा म्हनली खिडकी उघडा, हवा येऊ द्या. रुबीनानं उघडली. थोड्या वेळानं म्हनली, पाखरं असती तर. बस, तेवढंच. जनाजा उठायच्या आधी रुबीना माझ्यापाशी आली, म्हनली, अब्बा, मरत्या मानसाला चार पाखरं बघू दिली असती तर काय बिघडलं असतं तुमचं? चाळीसवा दिस झाला तशी ती नांदेडला गेली, ते वर्सभर आली न्हाई. झोया मातर आईचा फोन घेऊन मला लावायची.

आता ह्या डिसेंबरात काय झालं. चौदा-पंधरा दिसामागं झोयाचा फोन आला, तोंड दिसतं त्यो. म्हनली, नाना, गंमत बघा, आनि फोन फिरवला, तर गॅलरीत पिंजरा, पिंजऱ्यात काबरी आनि एक नर. रुबीना लग्नाला बिलोलीला गेली व्हती, गंगारामकडून आईची आठवन म्हनून मागून आनली. आनि पोरगी बोलता बोलता खोकलली सर. साधा थंडीचा खोकला असंल, पर मी म्हनलं, बेटा, खोकला कवापासून? तर रुबीनाच मागून बोलली, माझ्याशी न्हाई, लेकीशी बोलल्यावानी, की सांग नानाला, सर्दी हाय, म्हनून तुझी गादी पिंजऱ्यापाशी टाकलीय, पंखाची हवा लागली की बरं वाटतं, नानी म्हनायची.

भर सिझनात दुकानाला कुलूप घातलं. लातूरची फाईल मी ह्याच दुकानात रुईच्या गठ्ठ्याखाली दडवून ठिवली व्हती, ती पिशवीत घातली आनि नांदेडची बस धरली. दार रुबीनानं उघडलं, या म्हनली न्हाई, जा म्हनली न्हाई. मी आधी पिंजऱ्यावर ओलं फडकं टाकलं, झोयाला आत पिटाळलं आनि फाईल रुबीनाच्या हातात दिली. शिकलेली हाय ती, इंग्रजी वाचती. उभ्यानं वाचली, मंग बसून वाचली. मी समदं सांगितलं, तुम्हाला सांगितलं तसंच, पाठीवर नेल्याचं बी सांगितलं, काही लपवलं न्हाई. तिनं फाईल मिटली. मंग म्हनली, अम्मीला का न्हाई सांगितलं? ती तुमच्यावर रागावून गेली ना. म्हनलं, माझ्यावर रागावली ते चालतं गं, सोतावर रागावून गेली असती तर? तशी तिनं तोंडाला ओढनी लावली आनि धाय मोकलून रडली, वर्सभर रडली नसंल तसं. मी बापासारखा बाप, तिच्या डोक्यावर हात ठिवायला बी भ्यालो. मंग ती उठली, तोंड धुतलं, झोयाची गादी वढत आतल्या खोलीत नेली आनि गॅलरी ओल्या कपड्यानं पुसायला बसली, मला हात लावू दिला न्हाई. मी पिंजरा घेऊन तसाच बिलोलीला गेलो, आनि ह्या खेपेला गंगारामला बी खरं सांगून आलो, त्याच्या घरात बी लेकरं हायत.

परवा रुबीनाचा फोन आला. झोयाचा फोटो काढला अब्बा, छाती साफ हाय, म्हनली. एवढंच बोलून ठिवला. सुट्टीत येते का, ते मी इचारलं न्हाई, आली तर घर तिचंच हाय. वर्सानं का व्हईना, पोरगी अब्बा म्हनली.

आता तुमची रजई झाली, हा शेवटचा टाका. दोन-तीन दिस ऊन दावून मंग अंगावर घ्या, लेकराबाळासंगं उबंत ऱ्हावा. मी दर जुम्म्याला कबरस्तानात जातो सर, फातेहा पढतो, तिच्यापाशी बसतो. लेकीला सांगितलं, गंगारामला सांगितलं, आज तुम्हाला सांगितलं, पर तिथं माझं तोंड उघडत न्हाई. ती अजून माझ्यावर रागातच असंल. असू दे.