ठाणेदारीण माहेरपणाला जाते

आमच्या घरात माझ्याआधी कोणी जेवायला बसत नाही. कोंबड्यांतही तसंच असतं, हे मला उशिरा कळलं.

मोठ गावच्या बाजारातून मी पिल्लं आणली, चांगली पंख फुटलेली. अंगणात सोडली, तर आमची सगळ्यांत जुनी कोंबडी त्यांना दाण्याजवळ फिरकू देईना. तिला माझी बायको ठाणेदारीण म्हणते. एका पिल्लाचं तर तिने टोचून डोकंच फोडलं. असंच चाललं असतं तर एकही जगलं नसतं.

मी पिल्लांसाठी वेगळी जाळी ठोकायला बसलो. शेजारची रामकली भौजी भिंतीवरून म्हणाली, “दद्दा, बच्चों को काहे बंद करते हो? बुढ़िया को कुछ दिन हमारे यहाँ छोड़ दो.”

“मारामारी तिने करायची आणि माहेरपणही तिलाच?” मी म्हणालो. पण दिली.

पिल्लं बाकीच्या कोंबड्यांत मिसळल्यावर मी ठाणेदारणीला परत आणलं. ती तरातरा दाण्याकडे गेली. त्याच डोकं फुटलेल्या पिल्लाने तिला चोच मारली. ती थबकली आणि चक्क मागे सरली.

“ये कैसे हुआ?” मी भौजीला विचारलं.

“लौट के आई है न दद्दा, अब नई तो वही है.”

बायको ओट्यावरून सगळं बघत होती. म्हणाली, “धाकटे भावजी कधीचे गुरसरायला बोलावताहेत. तुम्हीही राहून या ना थोडे दिवस.”

आत सून हसली.

मी अजून गुरसरायला गेलेलो नाही.