न मोजलेली उजवी बाजू

आदरणीय अध्यक्ष मोहनराव, व्यासपीठावरील मान्यवर, आजच्या सत्कारमूर्ती ज्ञानदाताई, आणि कार्ल्सरूहेच्या आपल्या मंडळातल्या बंधुभगिनींनो,

ज्ञानदाताई मंगळवारी सांगलीला परत जात आहेत. अकरा वर्षं त्यांनी इथे जर्मनीत जुन्या इमारती मोजल्या, त्यांतली चार वर्षं मी त्यांच्या हाताखाली होतो. आमचं शेवटचं काम ऱ्हाइन नदीपलीकडच्या एका फ्रेंच गावातल्या हवेलीचं. अठराव्या शतकात एका न्यायाधीशानं बांधलेली. रस्त्याकडे नुसती उंच भिंत आणि दरवाजा, आत फरसबंद चौक, चौकाच्या टोकाला दिवाणखाने आणि त्यांच्यामागे बाग. डावीकडे जितक्या खिडक्या, तितक्याच उजवीकडे. ताई म्हणायच्या, "ही घरं समोरून फार सभ्य असतात रे. तोल दिसावा म्हणून खोटी दारंसुद्धा लावतात. नोकरांचे जिने भिंतींच्या पोटात. खरं घर पाहायचं तर टेप घेऊन मागे शिरायला हवं."

हे मला ठाऊक होतं. तरीही त्या शनिवारी मी फक्त डावी बाजू मोजली. परतीची गाडी गाठायची होती. संगणकावर डावा भाग उलटा केला आणि उजवीकडे चिकटवला.

सोमवारी ताईंनी विचारलं, "उजवी मोजलीस ना?"

मी जर्मन ऐटीत म्हणालो, "गेनाऊ! अगदी अचूक, मिलिमीटरपर्यंत."

"मग करते सही. तुझा मिलिमीटर म्हणजे ब्रह्मवाक्य!"

त्या हसल्या. मीही हसलो. का हसलो, हे मी स्वतःला अनेकदा विचारलं आहे.

आमच्या नकाशात उजवीकडची भिंत भरीव होती. तिथे लिफ्टसाठी कापायला सुरुवात झाली आणि आत जिना निघाला. पायऱ्या मधोमध झिजलेल्या, भिंतीवर कुणा नोकरानं कोळशानं काढलेला घोडा. काम थांबवेपर्यंत घोड्याचं तोंड आणि वरच्या नऊ पायऱ्या गेल्या होत्या. अडीचशे वर्षं टिकलं होतं ते सगळं.

आमच्या संस्थेच्या चौकशीत ताई एवढंच म्हणाल्या, "सही माझी आहे." शनिवारी तिथे कोण गेलं होतं, हे त्यांनी सांगितलं नाही. मीही समोरच बसलो होतो, गप्प. त्यांचं नोकरीचं कंत्राट वाढलं नाही. सभागृहातल्या अनेकांना वाटतं, ताईंना गावची ओढ लागली. तसं नाही.

आज दुपारी मी संस्थेला सगळं लेखी कळवलं. आता तुम्ही विचाराल, इतके महिने का नाही? कारण माझं स्वतःचं कंत्राट गेल्या आठवड्यात वाढलं. त्यानंतर हिंमत आली. तिला हिंमत म्हणायचं का? मला वाटत नाही. आणि या पत्रानं ताईंचं मंगळवारचं विमान काही रद्द होणार नाही.

ताई, तुम्ही मान हलवताय, 'पुरे' म्हणताय. संपवतोच.

मंडळानं मला बोलायला उभं केलं, त्याबद्दल आभार. बोलण्यात उणंअधिक झालं असेल, वेळ जास्त घेतला असेल, तर श्रोत्यांनी सांभाळून घ्यावं. त्या शनिवारबद्दल मात्र तुमच्याकडे क्षमा मागणं योग्य नाही, आणि ताईंकडे इतक्या लोकांसमोर मागितली तर त्यांना नाही म्हणता येणार नाही. म्हणून इथे मागत नाही.

मोहनराव, कार्यक्रमपत्रिकेत ताईंना शाल-श्रीफळ माझ्या हस्ते असं छापलं आहे. कृपया दुसऱ्या कुणाला तरी बोलवा.