मागल्या चाकाचं दुखणं

आबासाहेब : बोलणं संपलं. मोटारीची किल्ली ओट्यावर ठेव. उद्यापासून येऊ नकोस.

सहादेव : आसं कसं, आबासाहेब? बैलगाडीवरनं उतरवून तुमीच मला लायसन काढाया लावलं. आता बैलंबी इकली. मी जाऊ कुठं?

आबासाहेब : ते काल राहुरीच्या बाजारातून गाडी काढताना आठवायचं होतं. माणसं भिंतीला चिकटली. एकाची कोंबडी गेली. मागच्या सीटवर माझं डोकं टपाला आपटलं ते वेगळंच.

सहादेव : हळू चालवली की मागलं डावं चाक टकटक करतं. लोक हसत्यात, ते बंद कर, आसं तुमीच म्हनला. पळवली की गप हुतं. मग पळवली.

आबासाहेब : आवाज बंद कर म्हणालो होतो. जीव घे म्हणालो नव्हतो.

बायडाबाई : आबा, कुनावर वरडतो रं?

आबासाहेब : आई, तू आत बस. मशिनरीचं काम आहे, तुला कळायचं नाही.

बायडाबाई : मी कुठं काय म्हनते? शेंगा फोडत बसते हितंच.

आबासाहेब : सहादेव, नगरच्या मिस्त्रीनं बेअरिंग बदलली. श्रीरामपूरच्यानं स्प्रिंगचे पाटे उतरवून पुन्हा चढवले. दोघांचं म्हणणं एकच, ड्रायव्हर गाडी आदळतो.

सहादेव : त्यांच्या दारात गाडी उभी हुती. उभ्या गाडीतनं आवाज कसा यावा? चाक फिरताना कुनी कान लावला का?

आबासाहेब : बरं. लाव तू कान. मी ढकलतो.

सहादेव : तुमी ढकलनार?

आबासाहेब : आईशिवाय बघायला आहे कोण इथं?

(आबासाहेब कोट काढून गाडी ढकलतात. टक... टक... टक.)

सहादेव : थांबा. बेअरिंग न्हाई आन् पाटाबी न्हाई. चाकावरल्या ह्या चकचकीत टोपीतनं येतोय आवाज. उचकटतो.

बायडाबाई : टोपीला हात लावू नको.

आबासाहेब : का गं?

बायडाबाई : लावू नको म्हनलं ना.

सहादेव : निघाली बी, थोरल्या बाई. ह्ये काय? खडा हाय आत. शेंदूर फासलेला.

आबासाहेब : आई.

बायडाबाई : बांधावरल्या म्हसोबाचा हाय. दसऱ्याला ह्या सहादेवानं चारी टोप्या काढून पुजाया आनून दिल्या. तवा कनकीनं आतनं चिकटवला.

सहादेव : कनीक वाळली आन् खडा सुटला. तरीच दिवाळीपासनं वाजाया लागलं. हळू फिरलं की खडा आत आपटतो, जोरात फिरलं की कडंला दाबून बसतो.

आबासाहेब : आणि मी मिस्त्र्यांची दारं झिजवत बसलो. काय अडलं होतं गं हे करायचं?

बायडाबाई : बैलाच्या गळ्यात काळा दोरा बांधता येतो. तुझ्या ह्या गाडीला गळा कुठंय? तू माघारी येस्तोवर घास उतरत न्हाई मला. भ्या वाटतं.

आबासाहेब : बरं, बरं. सहादेव, तो खडा नेऊन बांधावर ठेव. टोपी बसव.

सहादेव : मी न्हाई. गाडीत बसवलेला देव मी उठवायचा आन् उद्या काय झालं, तर पुन्यांदा माझ्याच नावानं. तुमी ठेवा. घ्या.

आबासाहेब : मी?

सहादेव : घ्या की. खडाच हाय.

आबासाहेब : ... राहू दे. आई, कणीक मळ थोडी. जरा घट्ट मळ.

सहादेव : ती बी वाळंल.

आबासाहेब : वाळू दे.

सहादेव : मग वाजंल.

आबासाहेब : वाजू दे. लोक हसले तर हसू देत. तू हळू चालव.

सहादेव : म्हंजी उद्या येऊ?

आबासाहेब : किल्ली उचल आधी. आणि आई, आता शेवटचं सांगतो. ह्या तुझ्या खड्यापायी हा गाडी पळवत होता. एखाद्या दिवशी माझा जीव गेला असता.

बायडाबाई : तेच म्हनते मी. येवढी पळवली ह्यानं, तरी तुला खरचटलंसुदिक न्हाई. म्हसोबा हुता म्हनून.